सुईनं दारू सुटते का?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘व्यसन आणि बाई’ या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. भाषणात आलेल्या बाईचं नाव बदललं आहे.)

या सत्रात मी अ‍ॅक्युपंक्चरवर बोलणार आहे म्हटल्यावर काहींच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसलं. दारूबंदी, गुत्ते, पोलीस, हप्ते हे आपले नेहमीचे विषय. त्यात कानात सुया टोचण्याचं काय काम? पण गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी प्रत्येकीला वस्तीतल्या कोणीतरी विचारलेलं आहे, ‘‘ताई, सुईनं दारू सुटते म्हणतात, खरं का?’’ भिंतीवर जाहिराती असतात, समाजमंदिरात शिबिरं भरतात. विचारणारी बाई तोवर सगळं करून चुकलेली असते. अंगारा झाला, देवाची शपथ झाली, नवऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालून झाली, चहातून गुपचूप पावडर देऊन झाली. आता सुई. या प्रश्नाचं नीट उत्तर आपल्याकडे हवं. मी ते एकदा चुकीचं दिलं होतं, म्हणून आज बोलते आहे.

शेवंताची गोष्ट सांगते. नवरा मार्केट यार्डात हमाल. सकाळी उठल्यावर हात थरथरायचे, म्हणून तोंड धुण्याआधी देशीची अर्धी क्वार्टर घ्यायचा, तेव्हा कुठं हात थांबायचे. दिवसभरात तीन-चार क्वार्टर. मारहाण होती, दोन मुली होत्या, शेवंता चार घरची धुणीभांडी करत होती. आमच्या गटाच्या बैठकीला ती यायची आणि दाराशी बसायची, म्हणजे हाक आली की पटकन उठता येईल.

त्या वर्षी आमच्या वस्तीत अ‍ॅक्युपंक्चरचं सात दिवसांचं शिबिर भरवायला एक गृहस्थ तयार झाले. फी नाममात्र. मी आनंदानं जागा मिळवून दिली, घरोघर फिरून नावं घेतली. पहिलं नाव शेवंताच्या नवऱ्याचं. तो तयार झाला याचंच आम्हाला केवढं कौतुक! सोमवारी सकाळी त्याच्या दोन्ही कानांत सुया लावल्या. चाळीस मिनिटं तो खुर्चीत डोळे मिटून बसला. उठल्यावर त्याला सांगण्यात आलं, आजपासून थेंबही घ्यायचा नाही. मी तिथंच उभी होते. मी मान डोलावली.

सोमवारी रात्री त्याला दरदरून घाम फुटला, ओकाऱ्या झाल्या. शेवंताला वाटलं, विष बाहेर पडतंय. मंगळवारी सकाळी तो शिबिराला आला, पण संध्याकाळी घरी त्याला फिट आली. शेजाऱ्यांनी चप्पल हुंगवली, मिरगी आहे म्हणाले. बुधवारी रात्री त्याला छपरावर साप दिसायला लागले, अंगावर किडे चालल्यासारखे तो झटकू लागला, मुलींना ओळखेना. सासू म्हणाली, बाहेरची बाधा आहे. शेवंतानं मात्र कोणाचं ऐकलं नाही. रिक्षा बोलावली, दोघा शेजाऱ्यांच्या मदतीनं त्याला आत घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘शेवटची दारू कधी घेतली होती?’’ शेवंता म्हणाली, ‘‘सोमवारी सकाळी. आता सुटली आहे.’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘आणखी उशीर झाला असता तर माणूस गेला असता.’’

तो वाचला. आठवड्यानं मी शेवंताला भेटायला गेले. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘ताई, तुम्ही एवढं एमएसडब्ल्यू शिकलात ना? मग तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?’’

ठाऊक होतं. अभ्यासक्रमात होतं, परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. पण दारू सुटणार या आनंदात मी तो साधा प्रश्न विचारला नाही, की हा माणूस किती पितो, किती वर्षं पितो, आणि एकदम थांबला तर त्याच्या शरीराचं काय होईल? वर सासरच्यांनी दोष कोणाला दिला असेल, ते तुम्हाला सांगायला नको. ‘‘हिनंच मागं लागून दारू तोडायला लावली, माझ्या लेकाचा जीव जाता जाता वाचला,’’ असं सासू सगळ्या गल्लीला सांगत होती. पीत होता तेव्हाही दोष हिचा, आणि सोडली तेव्हाही हिचाच.

त्यानंतर मी या सुईचा इतिहास शोधून वाचला. तो आपल्याशी फार जवळचा आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

अ‍ॅक्युपंक्चर चीनमधलं फार जुनं शास्त्र. आपल्याकडे त्याचं नाव निघालं की सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली भारतातून जे पाच डॉक्टर चीनला मदतीला गेले त्यांतले ते एक. १९४२ साली ते तिकडेच वारले. पण हे शास्त्र भारतात रुजवण्याचं श्रेय त्याच पथकातले त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉक्टर विजयकुमार बसू यांचं. ते पुन्हा चीनला जाऊन ते शिकून आले. तेव्हा ही विद्या आपल्याकडे आली ती दुखणी बरी करायला. व्यसनासाठी तिचा वापर नंतरचा, आणि तो सुरू झाला हाँगकाँगमध्ये. तिथले मेंदूचे शल्यविशारद डॉक्टर वेन १९७२ साली शस्त्रक्रियेतल्या वेदना कमी करण्यासाठी सुयांमधून सौम्य वीजप्रवाह देत होते. त्यांच्या काही रुग्णांना अफूचं व्यसन होतं. सुया लावल्यावर, अफू न मिळूनही आपली तगमग कमी झाली, असं ते सांगू लागले. वेन यांनी १९७३ साली हे प्रसिद्ध केलं. ही गोष्ट अफूची आणि हेरॉइनची होती, दारूची नव्हती. हे ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

तिथून ही सुई न्यूयॉर्कला गेली. त्या शहराच्या साउथ ब्राँक्स भागात पोर्तो रिकोहून आलेली आणि काळी गरीब कुटुंबं राहत. तिथलं लिंकन हॉस्पिटल म्हणजे पडकी इमारत आणि हेळसांड. लोक त्याला खाटिकखाना म्हणत. १९७०च्या जुलैमध्ये ‘यंग लॉर्ड्स’ या तरुणांच्या संघटनेनं एके पहाटे त्या इमारतीचा ताबा घेतला आणि चांगल्या उपचारांची मागणी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी आणि इतर कार्यकर्त्यांनी हॉस्पिटलचा एक भाग पुन्हा ताब्यात घेऊन तिथं व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. आपल्याला विशेष वाटावं अशी एक गोष्ट म्हणजे, या संघटनेतल्या बायकांनी त्याच वर्षी आपल्या पुरुष सहकाऱ्यांशी भांडून संघटनेच्या जाहीरनाम्यातलं पुरुषी मर्दुमकीबद्दलचं कलम बदलायला लावलं होतं. चळवळीतल्या बायकांना घरचं आणि बाहेरचं अशी दोन्ही भांडणं करावी लागतात, ते तिकडेही चुकलेलं नाही.

सुरुवातीला तिथं हेरॉइनच्या जागी मेथाडोन हे औषध देत. मग कार्यकर्त्यांना वाटू लागलं, एक अवलंबन काढून दुसरं देणं हा काही उपाय नव्हे. हाँगकाँगची बातमी कळल्यावर १९७४च्या सुमारास त्यांनी अ‍ॅक्युपंक्चर शिकून घेतलं. १९७८ साली शहराच्या प्रशासनानं पोलीस पाठवून त्या कार्यकर्त्यांना बाहेर काढलं. उपचार मात्र चालू राहिले. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मायकेल स्मिथ यांनी ते पुढं नेले. प्रत्येक कानात पाच ठरलेल्या जागी बारीक सुया, वीजप्रवाह नाही, वीस-पंचवीस माणसं एका खोलीत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं शांत बसलेली. १९८५ साली याच पद्धतीच्या प्रसारासाठी ‘नाडा’ ही संस्था निघाली. आपल्याकडच्या शिबिरांत कानाला ज्या पाच सुया लावतात, त्या बहुतेक याच पद्धतीच्या.

म्हणजे या सुईचा जन्म बाजारात झालेला नाही. गरीब वस्तीतल्या लोकांनी आपल्या माणसांसाठी, आपल्या हातांनी चालेल असा उपचार शोधला. १९७२च्या सुमारास शहाद्याच्या आदिवासी बायका गावोगाव फिरून दारूची मडकी फोडत होत्या. त्या जातीचीच ही माणसं. म्हणून मला या उपचाराबद्दल तिटकारा नाही, आपुलकीच आहे. पण आपुलकी असली तरी तपासून घ्यायचं असतं.

मग तपासल्यावर काय दिसलं? १९८९ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात डॉक्टर बुलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दारूकडे वळणाऱ्या ८० जणांवर प्रयोग केला. ४० जणांना ठरलेल्या जागी सुया लावल्या, ४० जणांना जवळच्याच पण भलत्या जागी. योग्य जागी सुया लावलेल्यांपैकी २१ जणांनी उपचार पूर्ण केले, दुसऱ्या गटातल्या फक्त एकानं. ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं आणि जगभर गाजलं. शिबिरांच्या पत्रकांत ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असं लिहिलेलं असतं, त्याचं मूळ बहुधा इथं असतं.

पुढचा भाग पत्रकांत नसतो. त्याच बुलक यांनी पुढं मोठा प्रयोग केला, ५०३ जणांवर. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. या वेळी योग्य जागी सुई, भलत्या जागी सुई आणि सुईशिवाय नेहमीचे उपचार, यांत दारूच्या बाबतीत म्हणावा असा फरक दिसला नाही. ४९ टक्के लोकांनी मात्र सांगितलं की सुयांमुळं प्यायची इच्छा कमी झाल्यासारखी वाटली. बुलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मला आदर वाटतो. आपलाच गाजलेला निष्कर्ष त्यांनी पुन्हा तपासला आणि जे विरुद्ध आलं तेही छापलं. त्यानंतर अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनीही साधारण हेच म्हटलं आहे. काहींना औषधांच्या जोडीला सुयांनी थोडा आराम पडलेला दिसतो, पण अभ्यास लहान आणि कच्चे आहेत, आणि सुईनं दारू सुटते असं म्हणण्याएवढा पुरावा नाही.

आता ती ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट. अफू किंवा हेरॉइन एकदम बंद केलं की माणसाचे फार हाल होतात. अंग मोडतं, जुलाब होतात, झोप उडते. पण धडधाकट माणूस त्यानं सहसा मरत नाही. दारूचं तसं नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेऊन सतत ताणलेला राहतो. दारू एकदम काढली की ताण तेवढा उरतो. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना ताप चढतो, भास होतात, दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. शेवंताच्या नवऱ्याला झालं ते हेच. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. वस्तीत याला बाधा म्हणतात, मिरगी म्हणतात, आणि मेला तर ‘दारू सोडली म्हणून मेला’ म्हणतात.

यावर खात्रीचे उपचार आहेत, आणि ते महागही नाहीत. मेंदूचा ताण शांत करणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शनं डॉक्टर मोजून देतात आणि पाच-सात दिवसांत हळूहळू कमी करतात. जोडीला बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. पिणाऱ्याच्या पोटात अन्न कमी जातं, शरीरातलं बी-वन संपलेलं असतं. अशा माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून बरोबर गेलेल्या बाईनं न लाजता विचारायचं, ‘‘डॉक्टर, बी-वनचं इंजेक्शन दिलंत ना?’’ एवढं एक वाक्य जरी आज इथून पाठ करून गेलात तरी पुष्कळ झालं.

पाच सुया या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत. हाँगकाँगमधून निघालेली सुई अफूकडून दारूकडे आली तेव्हा हा फरक पुष्कळांच्या नजरेतून निसटला. माझ्याही नजरेतून निसटला.

चहातून द्यायच्या पावडरीबद्दलही इथंच बोलून घेते, कारण मोडक्या आशेचा तो आणखी मोठा बाजार आहे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा पुड्यांत बऱ्याचदा डायसल्फिरॅम असतं. हे औषध खरं आहे. डॉक्टर ते देतात, पण माणसाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीनं. ते पोटात असताना दारू प्याली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येऊन मृत्यूही येऊ शकतो. नकळत दिलेल्या माणसाला हे ठाऊकच नसतं. आणि काही बरंवाईट झालं तर पोलीस कोणाच्या दारात उभे राहतील? चहा करणारीच्याच.

मैत्रिणींनो, यातला एक धडा आपल्या आंदोलनांसाठीही आहे. आडवी बाटली करून आपण दुकान बंद पाडतो, गुलाल उधळतो, आणि तो आनंद खराच असतो. पण त्याच रात्री त्या गावात दहा-पंधरा माणसं अशी असतात, ज्यांना सकाळी दारू मिळाली नाही तर फिट येऊ शकते. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातली दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बंगळूरसह अनेक ठिकाणी रुग्णालयांत असे रुग्ण एकदम वाढले होते. म्हणून बंदीसाठी मतदान मागताना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही भेटा. औषधं आहेत का, खाटा आहेत का, विचारा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत दिसलं की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार घ्यायला मिळतात ते १८० मधल्या एकाला. ही मोकळी जागाच पुड्या आणि चमत्काराची शिबिरं भरून काढतात. बायका भोळ्या आहेत म्हणून तिथं जात नाहीत. दुसरं दार उघडं नसतं म्हणून जातात.

मग सुईला आपण नको म्हणायचं का? मी तसं म्हणत नाही. शेवंतानंच मला याचं उत्तर दिलं. नंतर एकदा ती म्हणाली, ‘‘ताई, एक सांगू? त्या दिवशी ते सुया लावून बसले तेव्हा मीपण भिंतीला टेकून बसले होते. चौदा वर्षांत तो आणि मी एका खोलीत इतका वेळ न भांडता बसलो नव्हतो. कोणी उपदेश केला नाही, कोणी लाज काढली नाही.’’ मला वाटतं लिंकन हॉस्पिटलच्या खोलीतही लोकांना हेच मिळत असावं. रोज उघडं दार, ओळखीची माणसं, आणि काल प्यालास का म्हणून न रागावणारा कोणीतरी. सुई योग्य जागी असो की भलत्या, अशी खोली माणसाला धरून ठेवते. आपल्याकडे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा चालतात, १९८६ साली सुरू झालेलं पुण्याचं मुक्तांगण आहे, आणि तिथं बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. हे सगळं माणसं एकत्र बसण्यावरच उभं आहे. त्याला सुई लागत नाही, आणि असली तरी बिघडत नाही.

तेव्हा वस्तीत कोणी अ‍ॅक्युपंक्चर करू म्हणालं तर आपण हे प्रश्न विचारायचे. आधी डॉक्टरांकडून तपासणी झाली आहे का? रोज सकाळी पिणारा, पूर्वी फिट आलेला, कावीळ झालेला माणूस असेल तर दारू दवाखान्यातच तोडायची. चालू असलेली औषधं बंद करायला सांगतात का? सांगत असतील तर तिथून उठायचं. उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे का? महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळं नोंदणी दाखवा असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. सुया नव्या, बंद पाकिटातल्या आणि एकदाच वापरून टाकायच्या आहेत का? एकच सुई दोघांना लागली तर कावीळ आणि एचआयव्ही दोन्हींचा धोका असतो. आणि शेवटचा प्रश्न, ‘खात्रीनं सुटेल’ असं म्हणतात का? म्हणत असतील तर पैसे द्यायचे नाहीत.

पण या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते आता सांगते. शेवंताला मी शिबिराचं सांगितलं तेव्हा नकळत आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्याची दारू सुटली की तुझा मार थांबेल. आपण सगळ्याच हे म्हणतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात अशा बायकांपैकी ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. दारूनं हिंसा वाढते, यात शंका नाही. पण त्याच पाहणीत, नवरा मुळीच पीत नाही अशा बायकांमध्येही हे प्रमाण २३ टक्के आहे. दर चौघींत जवळपास एक. त्यांच्या घरी कोणती बाटली होती? दारू हात उचलायला बळ देते. हात उचलायचा हक्क आहे, हे मात्र त्याला दारूनं शिकवलेलं नसतं.

म्हणून बाईची सुरक्षितता त्याच्या उपचाराच्या रांगेत मागं उभी करायची नाही. तो बरा होईल तेव्हा होईल. दरम्यान तिची कागदपत्रं, तिच्या नावाचं खातं, रात्री जायला एक घर, २००५च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज, हे आजच करायचं. बायकांसाठीचा १८१ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही मदतीचे फोन नंबर आपल्या बैठकीच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. आणि आपल्यातल्या पिणाऱ्या बायकांना विसरू नका. त्या संख्येनं थोड्या आहेत, पण त्यांना दवाखान्यात नेणारी शेवंता नसते. नवरा पितो तेव्हा बायको रिक्षा आणते, बायको पिते तेव्हा तिला माहेरी सोडून येतात.

शेवंताचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. नवरा व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहिला. चार महिने चांगले गेले. मग गावच्या जत्रेत पुन्हा प्याला. परत दाखल झाला, आता सात महिने झाले, सभेला जातो. पुन्हा पिणार नाही असं मी म्हणणार नाही, आणि शेवंताही म्हणत नाही. मधल्या काळात तिनं खोलीचा भाडेकरार आपल्या नावावर करून घेतला. तो प्यालेला असला की दार उघडायचं नाही, हे ठरवून शेजारच्या तिघींना सांगून ठेवलं. एकदा तशी वेळ आली तेव्हा त्या तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि तो पायरीवर झोपला.

आता ती बैठकीला येते तेव्हा दाराशी बसत नाही, आत येऊन बसते. गेल्या महिन्यात एका नव्या मुलीनं तिला तोच प्रश्न विचारला, ‘‘मावशी, सुईनं दारू सुटते का?’’ मी गप्प राहिले. शेवंता म्हणाली, ‘‘सुई लाव हवी तर. पण आधी डॉक्टरला दाखव. आणि तुझं आधार कार्ड कुठं आहे ते मला सांग.’’

मला वाटतं, माझ्या सगळ्या भाषणापेक्षा तिचं उत्तर चांगलं आहे. आता तुमचे प्रश्न आणि तुमचे अनुभव ऐकू या.